नदी कुठवर असते

विहीर खोदून झाली की काठावर जो ढिगारा पडतो त्याच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही. त्यावर वेडी बाभूळ उगवते, शेळ्या चढतात, पोरं घसरगुंडी करतात. भूजलाच्या कामासाठी भीमाकाठच्या गावांतून हिंडत असताना हा ढिगारा वाचायला मला एका तात्यांनी शिकवलं. सगळी हयात त्यांनी दुसऱ्यांच्या विहिरी खोदण्यात घातली होती. ढिगारा उलटा वाचायचा, हा त्यांचा पहिला धडा. जे शेवटी निघालं ते वर, जे आधी निघालं ते तळाशी.

“ह्यो मुरूम वर हाय बघा. त्याच्याखाली गोटं, मग वाळू, मग पिवळी माती, आन् पार बुडाला काळी.” हातातल्या काठीने ते ढिगाऱ्याची एक बाजू उकरत होते. वाळू मुठीत घेऊन त्यांनी माझ्या तळहातावर ओतली. धुतल्यासारखी स्वच्छ होती, आणि तिच्यात बोराएवढे गुळगुळीत गोटे होते. नदी तिथून दिसतही नव्हती. मध्ये ऊस उभा होता, त्यापलीकडे केळी, त्यापलीकडे कुठेतरी काठ.

मग आम्ही नदीकडे पाठ करून चालायला लागलो. दुसरी विहीर, तिसरी, चौथी. प्रत्येक ढिगाऱ्यात वाळू कमी कमी होत गेली. पाचव्या विहिरीच्या ढिगाऱ्यात ती नव्हतीच. काळ्या मातीखाली थेट मुरूम लागला होता. तात्यांनी काठी बांधावर टेकवली आणि म्हणाले, “हितं नदी संपली.”

त्या काठीने दाखवलेली हद्द हा या पुस्तिकेचा विषय आहे. गावाने आपल्या नदीची हद्द स्वतः कशी शोधावी, नकाशावर कशी उतरवावी आणि खाणकामाचा प्रस्ताव समोर आला की तो तिच्याशी कसा ताडून पाहावा, याची माहिती पुढच्या पानांत आहे. मुळात अशी हद्द हवीच कशाला, हे सांगायचं काम माझ्याकडे आलं आहे.

भूगोलाच्या पुस्तकात या पट्ट्याला पूरमैदान म्हणतात. गावात मी हा शब्द कधी ऐकला नाही. गावाकडे त्यासाठी एकच शब्द नाही, कारण तिथे त्याच्या प्रत्येक तुकड्याला वेगळं नाव आहे. पुराने आणून टाकलेल्या गाळाची ती मळई, पाणी ओसरल्यावर ओलीवर पेरायची ती गाळपेर, काठालगतची ती थडी, पात्रातलं ते वाळवंट. पंढरपूरला चंद्रभागेच्या पात्राला वाळवंटच म्हणतात. लाखो वारकरी तिथे उभे राहतात ते नदीतच उभे असतात, पाणी पायाला लागो वा न लागो. म्हणजे नदी पाण्याच्या धारेपेक्षा मोठी असते हे आपल्या भाषेला ठाऊक आहे. कागदोपत्री मात्र ती दोन काठांमधली एक निळी पट्टी होऊन राहते.

ही ओळख फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून पुढे अनेक वर्षं तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती, बार्ली पिकत होती, आणि पुराच्या पाण्याला आवर घालायला त्या माणसांनी बांध आणि पाट काढले होते. नदीचं पाणी कुठवर चढतं, कुठली माती कसदार, घर कुठे बांधायचं आणि पेरायचं कुठे, हे त्यांनी पाहून पाहून ठरवलेलं असणार. आजही नदीकाठच्या गावात जुनी वस्ती पांढरीच्या उंचवट्यावर आणि काळी खाली, अशीच मांडणी दिसते. पांढरी आणि काळी यांच्यामधली ती सीमा म्हणजे गावाने न लिहिता पाळलेली पूररेषाच होती.

आता थोडा हिशोब करू, कारण हा विषय नुसत्या जिव्हाळ्यावर तरणारा नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा. या खडकात पाणी राहतं ते फटींत आणि वरच्या झिजलेल्या थरात. भूजलाचा अंदाज बांधण्याचे जे निकष देशभर वापरतात, त्यांत झिजलेल्या बेसाल्टमधून मिळू शकणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या १ ते ३ टक्के धरतात. वाळूयुक्त गाळासाठी हाच आकडा १२ ते २० टक्के आहे. म्हणजे मुरमाच्या विहिरीशेजारी वाळूच्या थराची विहीर ही जवळजवळ आठपट साठ्याची धनीण. म्हणूनच नदीकाठच्या शेतकऱ्याला दुष्काळात चार दिवस जास्त मिळतात, आणि कितीतरी गावांच्या नळयोजनेचं जॅकवेल पात्रालगत असतं. भर उन्हाळ्यात धार आटल्यावरही वाळूत झिरा खोदला की कळशी भरते ती याच साठ्यातून.

एक ब्रास वाळू म्हणजे १०० घनफूट, जवळजवळ २.८३ घनमीटर. १६ टक्क्यांनी धरलं तर एका ब्रासमध्ये साडेचारशे लिटर पाणी मावतं. एका हेक्टरवरून ३ मीटर खोल वाळू उचलली तर १०,००० ब्रासच्या वर माल निघतो, आणि त्याबरोबर दर पावसाळ्यात भरणारी ४८ लाख लिटरची जागा जाते. पावतीवर लिहिली जाते ती फक्त वाळू. रॉयल्टी तिचीच, चोरी पकडली तर दंडही तिच्याच किमतीवर. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) नुसार अवैध उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. दंड थोडा नाही. पण त्या बाजारभावात पाण्याची किंमत कुठेच धरलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, खड्डा पडला तर त्यात उलट जास्तच पाणी मावेल. हा प्रश्न मला ग्रामसभेत विचारला गेला आहे आणि तो चुकीचा नाही. उघड्या खड्ड्यात पाणी दिसतं खरं. पण वाळूच्या आत सावलीत असलेलं पाणी उन्हाने सहसा उडत नाही, खड्ड्यातलं उडतं. वाळू पाणी गाळते, खड्ड्यात मात्र पुराचा चिखल बसून तळ लिंपला जातो आणि पाझर मंदावतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट आजूबाजूच्या शेतांत घडते. काठच्या विहिरीतली पाण्याची पातळी नदीच्या तळाशी बांधलेली असते. तळ ३ मीटर खाली गेला की जमिनीतलं पाणी उतार धरून त्याच्याकडे ओघळत राहतं. ज्याने एक घमेलं वाळू काढली नाही, त्याच्या विहिरीचं पाणी दुसऱ्याने खणलेल्या खड्ड्याकडे निघून जातं. मग तो मोटार खाली सोडतो, आडवं बोअर मारतो, उभं बोअर मारतो, कर्ज काढतो. आपल्या नुकसानीचा पंचनामा करून घ्यायचा म्हटलं तर पात्रात बोट दाखवावं लागतं, आणि तिथे त्याचं काही नसतं.

खोल झालेल्या पात्रातून साधा पूर काठावर येत नाही. म्हणजे मळईला नवा गाळही मिळत नाही आणि पाणीही मुरत नाही. मोठा पूर आला की तळ गेलेला काठ मात्र ढासळतो, उभ्या पिकासकट ढेकूळ पाण्यात बसतं. सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीनेच्या काठी आणि मराठवाड्यात किती शेतं खरडून गेली ते आपण पाहिलं. त्या सगळ्याचं खापर वाळूवर फोडणं अन्यायाचं होईल, पाऊसच तसा होता. पण नदीकाठी खणलेला खड्डा पुराला आयती वाट देतो, हे पाण्याचं साधं वागणं आहे. वरच्या अंगाला धार खड्ड्यात उडी घेते, तिथला तळ कापत कापत मागे सरकते, आणि खाणीपासून दूर असलेल्या पुलाचे, बंधाऱ्याचे पाय उघडे पडतात.

गोदावरी-भीमेसारख्या नद्यांवर आणखी एक गोष्ट आहे. पैठणला जायकवाडी, भीमेवर उजनी. दोन्ही धरणं १९८० पर्यंत उभी राहिली आणि वरून येणारी वाळू तेव्हापासून जलाशयात अडकते. धरणाच्या खाली जी वाळू आपण उचलतो आहोत ती बरीचशी पूर्वीची ठेव आहे. वाळू दरवर्षी पुन्हा भरते असं गृहीत धरून लिलाव होतात, पण भरते का आणि किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात हेच बजावलं, की वाळू किती भरून येते याचा अभ्यास नसलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल पर्यावरण मंजुरीचा आधार होऊ शकत नाही. नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल वाचावा.

आपल्याकडे रेषा नाहीत असं नाही. राज्याच्या पाटबंधारे खात्याने १९८९ मध्येच निळ्या आणि लाल पूररेषेची व्याख्या केली. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जे मोठं असेल त्याची निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये निर्बंध. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कोल्हापूर-सांगलीत या रेषांची चर्चा घराघरांत झाली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५, हे आकडे तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत.

पण या रेषा काढल्या आहेत त्या माणसाला पाण्यापासून वाचवायला. घर, दुकान, इमारत पाण्यात जाऊ नये हा त्यांचा हेतू, आणि तो योग्यच आहे. म्हणून त्यांची निकड शहरांना आणि बांधकाम परवानगीला जास्त. शेतातून जाणाऱ्या रेषेची गरज कोणाला वाटत नाही, कारण तिथे मजला चढवायचा नसतो. आपल्याला हवी आहे ती रेषा उलट्या दिशेने बघणारी आहे. पाण्याला आणि मातीला माणसाच्या खोदकामापासून वाचवणारी.

खाणकामाचे नियम मोजतात ते पात्र. वाळू काढण्याच्या २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत काठापासून पात्राच्या रुंदीच्या चौथ्या हिश्श्याइतकं, निदान साडेसात मीटर, अंतर सोडायला सांगितलं आहे, आणि खोली ३ मीटर किंवा पाण्याची पातळी यांपैकी जे आधी येईल तिथवर. नियम चांगले आहेत. पण त्यांतलं अंतर काठापासून नदीच्या आत मोजलं जातं. काठापासून बाहेर, उसाच्या आणि केळीच्या खाली, नदीचा जो दुसरा अर्धा भाग पसरला आहे तो या मोजणीत येत नाही. वाळूगटाचा नकाशा पाहिलात तर एक लांबट चौकोन दिसेल. लांबी, रुंदी, खोली. चौकोनाला लागून कोणाच्या किती विहिरी आहेत आणि त्या कोणत्या थरावर चालतात, हे त्यावर काढायची सवय आपल्याला लागायला हवी.

पात्रातली वाळू संपत आली की खोदकाम काठ चढून शेतात येतं. पुराने शेतात टाकलेली वाळू हटवायची परवानगी शेतकऱ्याला मिळते, आणि ती मिळायलाच हवी, नाहीतर त्याने पेरायचं कुठे? पण त्याच परवानगीच्या आडून वरची हातभर वाळू काढता काढता पोकलेन खालच्या जुन्या थरात उतरतं. एका गावात मी असं शेत पाहिलं आहे. दोन एकर, कडेला उभं राहिलं की पोटात गोळा यावा इतकं खोल. भिंतीवर सगळे थर उघडे पडले होते, काळी, पिवळी, वाळू, गोटे, तात्यांच्या ढिगाऱ्यासारखेच, फक्त सुलटे. ज्याचं शेत होतं तो कडेला उकिडवा बसला होता. मुलीचं लग्न आणि सोसायटीचं थकलेलं कर्ज, दोन्ही त्या वाळूत फिटलं म्हणाला. त्याला बोल लावायची माझी छाती झाली नाही. शेजारच्या बांधावरच्या माणसाने आपली विहीर दाखवली. चैत्रात तळ दिसायला लागला होता, जो त्याने आधी कधी पाहिला नव्हता.

वीटभट्टीसाठी पोयटा खरवडला जातो तेही याच पट्ट्यात. ती गोष्ट वाळूइतकी बोलली जात नाही, कारण त्यात ना बोटी पेटवल्या जातात ना डंपर पकडले जातात. वरची दीड-दोन फूट माती निघून जाते आणि शेत एका हंगामात मुकं होतं.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर पूरमैदानाची हद्द ठरवण्याची कल्पना नवी नाही. केंद्रीय जल आयोगाने १९७५ मध्ये पूरक्षेत्र आखणीच्या विधेयकाचा नमुना राज्यांना पाठवला होता. मणिपूरने १९७८ मध्ये कायदा केला, उत्तराखंडने २०१२ मध्ये. केरळने २००१ मध्ये नदीकाठाचं संरक्षण आणि वाळू उपसा या दोन्हींचा एकच कायदा केला, आणि मला ती दृष्टी महत्त्वाची वाटते, कारण काठ आणि वाळू वेगळी करता येत नाहीत हे तिथे मान्य केलं गेलं. आपल्याकडे गौण खनिजाचे नियम महसूल खात्याकडे, पूररेषा जलसंपदा खात्याकडे, विहिरींच्या नोंदी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे आणि शेतजमीन सातबाऱ्यावर. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोताभोवतीच्या ५०० मीटरला संरक्षण आहे. या प्रत्येकात हद्दीचा एक एक तुकडा आहे. ते तुकडे एका नकाशावर एकमेकांवर ठेवून बघितले, तर निम्मं काम तिथेच होईल.

हद्द आखली की तिला फोडायच्या वाटाही निघतात. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये पाच हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं ठरवलं, कारण मोठ्या पट्ट्याचे पाच हेक्टरच्या आतले तुकडे पाडून मंजुरी टाळली जात होती. तुकडे पाडता येतात कारण हद्द माणसाने सोयीने काढलेली असते. जमिनीतल्या वाळूच्या थराचे तुकडे पाडता येत नाहीत. म्हणून मला वाटतं, खाणकामासाठीची हद्द पाण्याच्या धारेवरून किंवा एखाद्या वर्षीच्या पुरावरून ठरवू नये. जिथवर नदीचा गाळ आणि वाळू आहे तिथवर नदी धरावी, आणि लाल पूररेषा व हा थर यांपैकी जे दूर जाईल ते घ्यावं. त्या पट्ट्यात शेती चालू राहावी, विहिरी चालू राहाव्यात, गुरं चरावीत. खोदकाम करायचंच असेल तर आधी शेजारच्या विहिरींचं पाणी दोन उन्हाळे मोजलेलं असावं.

शेतकऱ्याला अशा रेषेची भीती वाटते हे मला माहीत आहे. सातबाऱ्यावर आणखी एक शेरा चढेल, जमिनीचा भाव पडेल, उद्या गोठा बांधायलाही परवानगी लागेल. ही भीती खोटी ठरवून पुढे जाता येणार नाही. म्हणूनच ही रेषा काय अडवते आणि काय अडवत नाही हे तिच्याबरोबरच लिहिलेलं असलं पाहिजे, आणि ती मंत्रालयातून खाली येण्याआधी गावातून वर गेली पाहिजे. बांधकामाला वाळू लागते हेही खरं. दगड फोडून केलेली वाळू आता सर्रास वापरात आली आहे, तीही कुठल्या तरी डोंगरातूनच येते. तो हिशोबही एक दिवस मांडावा लागेल. पण डोंगराच्या दगडात शेजारच्या गावाचं पाणी नदीच्या वाळूइतकं भरलेलं नसतं.

गावाने काय करायचं ते पुढे सविस्तर आहे. सुरुवातीची दोन कामं मात्र आजच होण्यासारखी आहेत. पूर ओसरला की देवळाच्या भिंतीवर, शाळेच्या पायरीवर, विजेच्या खांबावर गाळाची जी रेघ राहते तिच्यावर लगेच रंगाचा पट्टा ओढावा आणि तारीख घालावी. पुढचा पाऊस ती रेघ धुऊन नेतो. आणि विहिरींचे ढिगारे सपाट होण्याआधी ते पाहून घ्यावेत. हल्ली ते रस्त्याच्या भरावाला जातात. तात्यांनी मला दाखवलेल्या पाच ढिगाऱ्यांपैकी दोन मी पुढच्या खेपेला गेलो तेव्हा नव्हते.

त्या दिवशीची माझी वही अजून माझ्याकडे आहे. पेन्सिलीने काढलेली वाकडी नदी, तिच्या उजव्या काठाला पाच गोल, चार गोलांत वाळूचे ठिपके आणि पाचवा रिकामा. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये तात्यांनी बांधावर काठी टेकवली होती, तिथे मी फुली मारून ठेवली आहे. पुस्तिकेच्या शेवटी कोरी पानं सोडली आहेत ती अशाच गोलांसाठी.